बाथरूममधली आयाळ

सासूबाईंना डोळ्यांच्या दवाखान्यात विसरणं हा गुन्हा आहे असं कायद्याच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. तरी इमारतीतल्या बारा बिऱ्हाडांनी तो रेकॉर्डरावांवर एकमताने शाबीत केला होता.

खरं तर ते विसरले नव्हते, उशिरा पोचले होते. बुधवारी बारा वाजता त्यांनी सासूबाईंना दवाखान्यात सोडलं, ऑफिसात गेले आणि चारच्या ठोक्याला न्यायला परत आले. बघतात तर सासूबाई दोन वाजल्यापासून बाकावर. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब डोळ्यांत घातलेले, त्यामुळे समोर माणूस उभा आहे की कपाट, तेही दिसेना. नर्सबाईंनी त्यांच्याकडून नंबर विचारून घेऊन फोन लावला होता, तो कुठल्याशा पिठाच्या गिरणीत लागला. नर्सबाईंच्या बोटांना घाई फार, असं सासूबाईंचं मत पडलं.

"दोनला या म्हणून सांगितलं होतं मी," सासूबाई भरल्या दवाखान्यात म्हणाल्या. म्हणताना त्या रेकॉर्डरावांच्या हातभर डावीकडे बघत होत्या, त्यामुळे तिथे बसलेला एक निरपराध गृहस्थ उगाच ओशाळला.

रेकॉर्डरावांना 'चार' असं स्वच्छ आठवत होतं. पण आठवत असून उपयोग काय? सासूबाई चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होत्या. चारशे नंबर त्यांना तोंडपाठ होते, आणि कुणाचा नंबर कधी बदलला तेही. बारशाला कुणी किती वाजता निघून गेलं हे त्या मुलाच्या लग्नात सांगत. अशा बाईंपुढे आपली आठवण उभी करायची म्हणजे घड्याळासमोर कोंबड्याने साक्ष द्यायची. रेकॉर्डराव म्हणाले, "चुकलंच माझं, आई."

हे त्यांनी म्हणायला नको होतं. एकदा कबुलीजबाब नोंदला गेला की खटला संपतो, हे सरकारी माणसाला कळायला हवं होतं. घरी आल्यावर बायकोने "मुद्दाम केलंत" इथून सुरुवात केली आणि जेवणं होईपर्यंत ती "तुमच्या घरच्यांनी माझ्या आईला कधी माणसात धरलंच नाही" इथवर पोचली. दुसऱ्या दिवशी जिन्यात तळमजल्यावरच्या काकू भेटल्या. या काकूंचे दोन्ही गुडघे दुखत आणि दुखत नसतील तेव्हा त्या गुडघ्यांबद्दल बोलत, म्हणून सगळे त्यांना गुडघेकाकू म्हणत. "काय हो, आज काही विसरून नाही ना आलात? नाही, आमच्याकडेही म्हातारी माणसं आहेत," असं म्हणून त्या स्वतःच हसल्या. रेकॉर्डरावही हसले. मध्यमवर्गीय माणसाला अपमान झाला की आधी हसावं लागतं, वाईट वाटून घेणं सवडीने.

सवड मिळाली तेव्हा मात्र वाईट वाटणं बाजूला राहिलं आणि भीती वाटू लागली.

त्याचं असं आहे. रेकॉर्डराव एका मोठ्या सरकारी ऑफिसच्या रेकॉर्ड रूमचे मुख्य. एकतीस वर्षं तळघरातल्या त्या खोलीत सत्तर हजार फायली आणि ते. कुठलीही फाईल मागा, रजिस्टर न उघडता सांगणार: "तिसरी रांग, वरून दुसरा कप्पा, वाळवी लागलेल्या गठ्ठ्याच्या खाली." बढत्या दुसऱ्यांना मिळाल्या, केबिन दुसऱ्यांना मिळाल्या, रेकॉर्डरावांना 'अनुक्रमणिका' हे टोपणनाव मिळालं आणि त्यावर ते समाधानी होते. माणसाकडे मिरवायला एकच गोष्ट असेल तर तिच्यावर नजर ठेवावी लागते. आता दवाखान्याच्या प्रकरणानंतर त्यांनी मागचं आठवून पाहिलं, तर छत्री बसमध्ये राहिली होती, चष्मा कपाळावर असताना घरभर शोधला होता आणि साहेबांच्या मुलीचं नाव दोनदा चुकवलं होतं. एरवी अशा गोष्टी सगळ्यांकडूनच होतात. पण रेकॉर्डरावांनी त्यांना क्रमांक दिले, एका दोऱ्यात ओवल्या आणि त्यांची फाईल तयार झाली. शिवाय त्यांचे वडील. शेवटच्या दोन वर्षांत वडील त्यांना "आपण कुठल्या खात्यातले?" असं अतिशय आदराने विचारत. तो आदर रेकॉर्डराव अजून विसरले नव्हते.

बायकोला हे सांगायची सोय नव्हती. मुद्दाम विसरणारा नवरा तिला चालला असता, खरोखर विसरणाऱ्याने ती घाबरली असती. म्हणून ते वरच्या मजल्यावर सॅम्पलकाकांकडे गेले.

सॅम्पलकाका निवृत्त औषध-प्रतिनिधी. हयातभर त्यांनी डॉक्टरांना फुकट नमुने वाटले आणि उरलेले शेजाऱ्यांना दिले. इमारतीतल्या एका पिढीच्या खोकल्यावर त्यांचा हात होता. रेकॉर्डरावांनी "माझ्या एका मित्राला" अशी सुरुवात केली.

"किती दिवस विसरतोयस?" सॅम्पलकाकांनी विचारलं.

"दोन-तीन महिने," रेकॉर्डराव म्हणाले आणि मित्र तिथेच वारला.

"अळंबी खा," सॅम्पलकाका म्हणाले. "भाजीची नव्हे, औषधी. एक असते तांबडी, लाकडासारखी कडक. ती म्हणे प्रतिकारशक्तीला. एक टर्की पक्ष्याच्या शेपटासारखी, रंगीत पट्ट्यांची. आणि मेंदूला पाहिजे असेल तर सिंहाची आयाळ. पांढरीशुभ्र, दाढीसारखी लोंबते. मेंदूच्या पेशींना तरतरी येते असं वाचलंय. हा बघ कागद."

कागद इंग्रजीत होता, बारीक टायपात. रेकॉर्डरावांनी तो पुढून वाचला, मग सवयीने उलटवला. कागदाची पाठ वाचल्याशिवाय कागद वाचला असं ते मानत नसत. पुढच्या बाजूला माणसं शोभेचं लिहितात, खरं काय ते मागे पेन्सिलीने असतं, हे त्यांचं एकतीस वर्षांचं शहाणपण. कागदाच्या पाठीवर लिहिलं होतं की बहुतेक प्रयोग उंदरांवर झाले आहेत, माणसांवरचे थोडे आहेत आणि तेही मूठभर माणसांवर, सबब ठाम काही सांगण्याआधी आणखी अभ्यास हवा.

"उंदरांची स्मरणशक्ती सुधारली म्हणजे काय झालं?" रेकॉर्डरावांनी विचारलं. "त्यांना असं काय लक्षात ठेवायचं असतं?"

"पिंजरा," सॅम्पलकाका म्हणाले.

औषधाच्या दुकानात याची पूड डबीत मिळत होती. पुढे सिंहाचं चित्र. रेकॉर्डरावांनी डबी उलटी केली, चष्मा वर करून बारीक अक्षरं वाचली. निम्म्याहून जास्त तांदळाचं पीठ निघालं. ते दुकानदाराला म्हणाले, "पीठच खायचं तर घरी आहे." दुकानदार म्हणाला, "मग आयाळही घरीच वाढवा." टोमणा मारून तो विसरला, पण रेकॉर्डरावांनी तो सल्ला म्हणून घेतला.

शहराबाहेर एक अळंबीवाली बाई होती. तिने शेडमधून सहा पिशव्या काढून दिल्या. आत कोंडा मिसळलेला लाकडाचा भुसा, त्यावर पांढरी बुरशी पसरलेली, आणि प्रत्येक पिशवीला एक चीर. "या चिरेतून गड्डा बाहेर येईल. थंडावा ठेवा, हवा खेळती ठेवा, ओल शंभरात नव्वद पाहिजे. लेकरासारखं बघा," ती म्हणाली. रेकॉर्डरावांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे त्यांना हे सोपं वाटलं.

घरात शंभरात नव्वद ओल असलेली जागा एकच होती. बाथरूम.

"आणि आम्ही अंघोळी कुठे करायच्या?" बायकोने विचारलं.

"तिथेच. फक्त गरम पाण्याने नको, वाफ होते. साबणही वासाचा नको. आणि दार लावल्यावर दर पंधरा मिनिटांनी उघडायचं."

"अंघोळ चालू असताना?"

या मुद्द्यावर रेकॉर्डरावांनी माघार घेतली. झरोक्यात टेबलफॅन बसवला, भिंतीवर दमटपणा मोजायचं यंत्र टांगलं, पिशव्या फळीवर मांडल्या आणि त्यांना एक ते सहा क्रमांक दिले. एक रजिस्टर घातलं. तारीख, वेळ, तापमान, ओल, शेरा. सकाळी ऑफिसला जाण्याआधी आणि आल्यावर ते हातात फवारा घेऊन बाथरूममध्ये उभे राहत. आल्यावर बायकोशी बोलण्याआधी ते पिशव्यांशी बोलतात, ही तक्रार खरी होती. सासूबाई मात्र काही म्हणाल्या नाहीत. त्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या आणि एवढंच विचारलं, "हे नक्की कशासाठी म्हणालात?"

"आठवणीसाठी, आई."

"गुण येतो?"

"उंदरांना येतो."

सासूबाई बराच वेळ पिशव्यांकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "खायची कशी?"

"लोण्यावर परतून, मिरी घालून," रेकॉर्डराव म्हणाले. आपल्या प्रकृतीची चौकशी करणारं घरात एक तरी माणूस आहे, म्हणून त्यांना जरा भरून आलं.

बाराव्या दिवशी चिरेतून पांढरे ठिपके दिसू लागले. अठराव्या दिवशी त्यांच्या दाढ्या झाल्या. त्याच दिवशी गुडघेकाकूंनी अंगणातून झरोक्याकडे पाहिलं आणि त्यांना आत काहीतरी पांढरं, केसाळ, हळूहळू हलताना दिसलं. हलत होतं ते पंख्यामुळे. पण तासाभरात रेकॉर्डरावांच्या बाथरूममध्ये म्हातारा माणूस कोंडला आहे ही बातमी इमारतभर झाली. मागचा इतिहास माहीत असल्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही.

खुलासा करावा लागला आणि खुलाशाने घात केला. औषधी म्हटल्यावर ज्याला त्याला आपापला रोग आठवला. गुडघेकाकू म्हणाल्या, "मेंदूचं काम करते ती गुडघ्याचं करणार नाही होय? गुडघा तर केवढा सोपा!" त्यांनी पिशवी क्रमांक तीनवर नजर ठेवली. दुसऱ्या मजल्यावरचे टक्कल पडलेले सुतार म्हणाले, "आयाळ म्हणतात म्हणजे केसांशी संबंध असणारच. उगीच कोण नाव ठेवतंय!" एका मास्तरांना ती विद्यार्थ्यांसाठी हवी होती, एका बाईंना नवऱ्याच्या रागासाठी. सॅम्पलकाका सगळ्यांना "हरकत नाही" म्हणत सुटले. रेकॉर्डराव कागदाची पाठ वाचून दाखवायला लागले की लोक म्हणत, "एवढं आहे तर तुम्ही का लावलीत?" याला उत्तर होतं, पण ते जिन्यात देण्यासारखं नव्हतं.

मग सेक्रेटरी आले. इमारतीचे सेक्रेटरी अत्यंत सभ्य गृहस्थ होते, फक्त ते कुठलीही गोष्ट लेखी करत.

"दरवर्षी आपण भिंतींची बुरशी जावी म्हणून रंग काढतो," ते म्हणाले, "आणि तुम्ही ती फळीवर ठेवून वाढवताय. खालच्या घराच्या छताला ओल आली आहे. खालचं घर माझं आहे, हा योगायोग समजा. संबंधित खात्याचं ना हरकत प्रमाणपत्र आणा, नाहीतर आठ दिवसांत पिशव्या हलवा."

संबंधित खातं कोणतं, इथून घोडं अडलं. शेती खात्यातला कारकून म्हणाला, "पीक कुठे आहे? बाथरूममध्ये? बाथरूमचा जमिनीचा उतारा आणा." औषध खात्यात विचारलं, "औषध आहे का? असेल तर कारखान्याचा परवाना दाखवा. नसेल तर इथे कशाला आलात?" अन्न खात्यातल्या बाई समजूतदार होत्या. "घरी पिकवून घरीच खाताय ना? मग खा की! पण खा असं आम्हाला लेखी देता येत नाही." आरोग्य खात्याने 'बुरशी' हा शब्द वाचला आणि फवारणीवाला माणूस पाठवायची तयारी दाखवली. तो बेत रेकॉर्डरावांनी हात जोडून रद्द करवला.

एकतीस वर्षं खिडकीच्या आतल्या बाजूला काढलेल्या माणसाला खिडकीच्या बाहेर उभं राहिल्यावर काय वाटतं, हे ज्याचं त्यालाच कळतं. "उद्या या" हे शब्द आपण किती सहज उच्चारले असतील, असा विचार त्यांच्या मनात तिसऱ्या दिवशी आला आणि चौथ्या दिवशी त्यांनी तो काढून टाकला, कारण त्याने काम होत नव्हतं. काम केलं ते अनुभवाने. प्रत्येक खात्याला त्यांनी रीतसर अर्ज दिला आणि प्रत्येकाकडून एकच ओळ लिहून घेतली: 'सदर बाब या कार्यालयाशी संबंधित नाही.' चार खाती, चार शिक्के. हे चारही कागद त्यांनी सेक्रेटरींसमोर मांडले.

"यात ना हरकत कुठे आहे?" सेक्रेटरी म्हणाले.

"हरकत तरी कुठे आहे?" रेकॉर्डराव म्हणाले.

सेक्रेटरींनी चारही शिक्के डोळ्यांजवळ नेऊन पाहिले. गोल होते, निळे होते, एकावर तर सहीसुद्धा वाचता येत होती. लेखी माणसाला यापुढे बोलता येईना. "फक्त ओल आवरा," असं म्हणून ते गेले. रेकॉर्डरावांना बऱ्याच दिवसांनी छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी काढणी होती. सहा पिशव्या, सहा गड्डे, प्रत्येक मुठीएवढा. सकाळी त्यांनी रजिस्टरमध्ये 'पूर्ण वाढ, संध्याकाळी काढणे' असा शेरा लिहिला आणि ऑफिसला गेले. संध्याकाळी येऊन बघतात तर फळीवर दोन गड्डे. चार पिशव्यांच्या चिरा रिकाम्या, देठ सुरीने सफाईने कापलेले.

बायको कामावरून त्यांच्यानंतर आली होती. तिच्यावर संशय घेण्याचं धैर्य तसंही त्यांच्यात नव्हतं. सासूबाई दुपारभर घरीच होत्या. त्या म्हणाल्या, "मला डोळा लागला होता." मग राहिल्या गुडघेकाकू. त्या त्याच संध्याकाळी काठीशिवाय दोन जिने चढून पेपर मागायला आल्या, हा पुरावा रेकॉर्डरावांना भक्कम वाटला.

"काकू, गुडघे बरे दिसतात?"

"छे हो! काठी मोडली," काकू म्हणाल्या. "सुताराकडे दिली आहे." सुतारांकडे जाऊन पाहिलं तर काठी होती आणि केस नव्हते. दोन्ही संशयित सुटले.

रजिस्टरमध्ये रेकॉर्डरावांनी लिहिलं: 'पिशवी १, २, ४, ५. गड्डे गहाळ. कारण अज्ञात.' हा शेरा लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं, कारण आता एकच शक्यता उरत होती. आपणच सकाळी ते कापले, कुठेतरी ठेवले आणि विसरलो. त्यांनी फ्रीज पाहिला, ऑफिसची बॅग पाहिली, चपलांचं कपाट पाहिलं. उरलेले दोन गड्डे लोण्यावर परतायला घेतले तर मिरीची डबी रिकामी. गेल्याच आठवड्यात आपण ती भरली होती, असं त्यांना वाटलं. पण आपल्याला वाटण्याला आता किंमत काय उरली होती? त्यांनी ते बिनमिरीचेच खाल्ले. चव खेकड्यासारखी लागते असं सॅम्पलकाका म्हणाले होते. ती ओल्या पुठ्ठ्यासारखी लागली. पंधरा दिवस वाट पाहिली. या काळात ते दोनदा चष्मा विसरले आणि गहाळ गड्डे एकदाही विसरले नाहीत.

मग आली सासूबाईंच्या डोळ्यांची दुसरी तपासणी. पुन्हा तोच दवाखाना, पुन्हा बुधवार. या खेपेला बायकोने रेकॉर्डरावांना अर्ध्या दिवसाची रजा काढायला लावली. "सोडून यायचं नाही. बाकावरून उठायचं नाही. पाणी प्यायलासुद्धा जायचं नाही." जिन्यात गुडघेकाकूंनी आठवण करून दिली, फाटकाशी सेक्रेटरींनी. सॅम्पलकाका तर गॅलरीतून ओरडले, "दोघं गेलात, दोघं या!"

सासूबाईंना थेंब घालून बाकावर बसवलं. नर्सबाईंनी काउंटरवरून केसपेपर पुढे केला. "हा आत न्यायचा आहे. धरा, मी बोलावते."

केसपेपरला मागच्या खेपेची लहानशी चिठ्ठी टाचलेली होती, नंबर आणि तारीख असलेली. रेकॉर्डरावांनी ती वाचली आणि सवयीने उलटी केली.

पाठीवर पेन्सिलीने, ऑपरेटरच्या वळणदार बारीक अक्षरांत लिहिलं होतं:

'आज बुधवार. डोळ्यांचा दवाखाना. जावईबापूंना चारला यायला सांगितलं आहे. आधी संपलं तर बसून राहायचं, घाबरायचं नाही.' खाली घरचा पत्ता. त्याखाली रेकॉर्डरावांचा फोन नंबर, तीनदा लिहून दोनदा खोडलेला. तिसऱ्यातही दोन आकडे उलटेपालटे होते.

चार! रेकॉर्डरावांच्या कानात नगारे वाजले. चारच सांगितलं होतं! लेखी पुरावा, तोही फिर्यादीच्या स्वतःच्या हस्ताक्षरात. दोन महिने जिन्यातून मान खाली घालून चढलो, पोरासारखी बोलणी खाल्ली, बाथरूमचं शेत केलं, चार खात्यांपुढे उभे राहिलो, आणि डोकं आपलं ठणठणीत! या चिठ्ठीच्या बारा प्रती काढाव्यात, बारा बिऱ्हाडांच्या दारांखालून सारून द्याव्यात, एक मोठी करून नोटीस बोर्डावर लावावी, सेक्रेटरींचा शिक्का घेऊन. बायकोसमोर तर ती नुसती ठेवायची. बोलायचं काही नाही.

या आनंदात त्यांनी चिठ्ठी दुसऱ्यांदा वाचली आणि पहिल्या दोन शब्दांशीच अडकले.

आज बुधवार.

बुधवार आहे हे कुणी कशाला लिहून ठेवेल? चारशे नंबर तोंडपाठ असलेली बाई स्वतःच्या घराचा पत्ता कशाला लिहील? लक्षात राहणार नाही म्हणून त्यांनी लिहून ठेवलं, मग डोळ्यांत थेंब पडले आणि आपलंच लिहिलेलं आपल्याला वाचता येईना. दोन तास त्या ही चिठ्ठी हातात धरून बसल्या असतील. नर्सबाईंच्या बोटांना मुळीच घाई नव्हती. आणि मिरीची डबी कुणी संपवली, तेही रेकॉर्डरावांना आता समजलं.

त्यांनी बाकाकडे पाहिलं. सासूबाई ताठ बसल्या होत्या, पर्स मांडीवर, डोळे मिटलेले. ओठ किंचित हलत होते, काहीतरी पाठ म्हटल्यासारखे. रेकॉर्डरावांना वडिलांची आठवण झाली.

एकतीस वर्षांत त्यांनी कुठल्याही फाईलमधला एक कागद काढला नव्हता. काढणाऱ्या दोघांवर त्यांनी स्वतः अहवाल लिहिला होता. आता त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, टाचणी अलगद सोडवली, चिठ्ठी खिशात घातली आणि बाकावर जाऊन बसले.

"कोण, जावईबापू का?"

"हो, आई. इथेच आहे."

"किती वाजले?"

"साडेअकरा."

सासूबाई त्यांच्याकडे कलल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "मागच्या खेपेला... मी दोनच सांगितलं होतं ना हो तुम्हाला?"

विचारताना त्यांचा हात पर्सच्या बंदावर घट्ट झाला होता. रेकॉर्डरावांच्या खिशात उत्तर होतं.

"दोनच सांगितलं होतंत," ते म्हणाले. "माझ्याच लक्षात राहिलं नाही."

सासूबाईंनी श्वास सोडला. हात सैल पडला. जरा वेळाने त्या म्हणाल्या, "ते चार गड्डे मी खाल्ले."

"तुम्ही? कशाला, आई?"

"म्हटलं, तुम्ही खाणार, आधी कुणीतरी खाऊन बघायला हवं. विषारी निघालं तर?"

"मग? गुण आला?"

"मिरी जास्त झाली," सासूबाई म्हणाल्या.

दोघंही समोरच्या भिंतीकडे बघत बसले. भिंतीवर अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी आणि खाली बारीक होत गेलेली अक्षरं.

"आई, एक काम होतं," रेकॉर्डराव म्हणाले. "माझ्या विसरण्याचं मी डॉक्टरांना दाखवायचं म्हणतोय. मेंदूच्या मोठ्या डॉक्टरांना. आयाळीच्या भरवशावर बसण्यात अर्थ नाही. वेळेवर दाखवलं तर उपाय असतात म्हणे. पण एकट्याला जायची भीती वाटते. तुम्ही सोबत याल?"

"मी येऊन काय करू?"

"बसा नुसतं. ते वार विचारतात, तारीख विचारतात, आकडे उलटे म्हणायला लावतात. तुम्हीही माझ्याबरोबर दिलीत उत्तरं, तर मला धीर येईल."

सासूबाईंनी मान वळवली. दिसत काहीच नसणार, तरी या खेपेला त्या बरोबर त्यांच्याकडे बघत होत्या. त्यांना कितपत कळलं, हे रेकॉर्डरावांनी नंतरही कधी विचारलं नाही.

"येईन," त्या म्हणाल्या. "एकट्याने जाण्यासारखी जागा नाही ती."

संध्याकाळी बायकोने सगळं ऐकून घेतलं. नवरा आपणहून डॉक्टरकडे जातोय म्हटल्यावर ती आधी घाबरली, मग तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. दोन महिन्यांत पहिल्यांदाच. आणि मग लगेच सावरून म्हणाली, "आईला नेताय ते बरं केलंत. एक तरी शुद्धीवर असलेलं माणूस असू दे बरोबर."

"म्हणूनच नेतोय," रेकॉर्डराव म्हणाले.

जिन्यात गुडघेकाकूंना ही बातमी कळली तेव्हा त्यांनी "मी म्हणतच होते" म्हटलं. रेकॉर्डराव हसले. या खेपेला त्यांना फारसं वाईट वाटलं नाही, थोडं वाटलं. रजिस्टरमधला 'कारण अज्ञात' हा शेरा त्यांनी तसाच ठेवला आणि पिशव्यांचा दुसरा बहर आला तेव्हा सगळे गड्डे कापून सासूबाईंच्या ताटात वाढले. उपयोग होवो न होवो, मिरी या खेपेला बेताची घातली होती.

डॉक्टरांची वेळ मिळाली ती पुढच्या बुधवारची. रेकॉर्डरावांनी एका कागदावर वार, तारीख, वेळ, दवाखान्याचं नाव, घरचा पत्ता आणि आपला फोन नंबर लिहिला, आकडे दोनदा तपासले आणि कागद सासूबाईंच्या पर्समध्ये वरच ठेवला. अक्षरं त्यांनी तक्त्यावरच्या पहिल्या ओळीएवढी काढली होती, थेंब घातलेले असले तरी वाचता येतील अशी.